पहिल्या तालमीच्या पुढे

१९८३ च्या जून महिन्यात न्यू यॉर्क फिलहार्मोनिकने ‘होरायझन्स’ नावाचा नव्या संगीताचा महोत्सव भरवला होता. त्यात एका तरुण संगीतकाराच्या रचनेची तालीम श्रोत्यांसाठी खुली ठेवली होती. तरुणाचं नाव एरन जे कर्निस, वय तेवीस, रचना ‘ड्रीम ऑफ द मॉर्निंग स्काय’. समोर संचालक म्हणून झुबिन मेहता, म्हणजे मुंबईत जन्मलेले आणि वडील मेली मेहता यांनी १९३५ मध्ये उभ्या केलेल्या बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या तालमी ऐकत वाढलेले मेहता. वाजवता वाजवता ते थांबले. स्कोअरमध्ये पुरेसे तपशील नाहीत, असं त्यांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. कर्निस गप्प राहिला नाही. कागदावर जे लिहिलंय ते वाजवा, अशा अर्थाचं उत्तर त्याने तिथल्या तिथे दिलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. वर्तमानपत्रांतून त्याचं नाव झालं.

त्या दिवशी कोण बरोबर होतं, यावर पुष्कळ लिहिलं गेलं. त्याहून मोलाची बाब वेगळी आहे. तेविसाव्या वर्षी त्या मुलाला जगातल्या एका अव्वल वाद्यवृंदासमोर उभं राहून स्वतः लिहिलेलं ऐकता आलं, त्यावर बोलणी खाता आली आणि उलट बोलताही आलं. कर्निसला पुढे १९९८ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. आणि ज्या अनुभवातून तो गेला, तो इतर नवोदितांना जरा नीट, जरा मायेने मिळावा म्हणून त्याने मिनेसोटा ऑर्केस्ट्रामध्ये एक शिबिरवजा संस्थाच उभी केली.

आज अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा अनेक देशांतले सिम्फनी ऑर्केस्ट्रा नवोदित संगीतकारांना दरवर्षी आत घेतात, मार्गदर्शक देतात, त्यांच्याकडून नवी रचना लिहून घेतात आणि ती वाजवतात. या योजनांना आता चांगली तीस-चाळीस वर्षं होऊन गेली. त्यांनी काय दिलं आणि काय द्यायचं राहिलं, हे तपासायला एवढा काळ पुरेसा आहे.

मुळात अशी योजना लागतेच कशाला? कवीला कागद पुरतो, गायकाला तानपुरा. पुण्यात ‘पुरुषोत्तम करंडका’साठी एकांकिका लिहिणाऱ्या मुलाला कॉलेजातले दहा मित्र गोळा केले की रात्री वर्गखोलीत आपलं नाटक उभं राहताना बघता येतं, न जमलेला प्रवेश दुसऱ्या दिवशी फाडून नवा लिहिता येतो. सिम्फनीसाठी लिहिणाऱ्याला मात्र ऐंशी माणसं लागतात, तीही वर्षानुवर्षं एकत्र वाजवणारी. त्यांचा एक तास फार महाग असतो. त्यामुळे संगीत महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या कित्येकांनी वाद्यवृंदासाठी भरपूर लिहिलेलं असतं, पण त्यातलं प्रत्यक्ष फारच थोडं ऐकलेलं असतं.

संगणकाने ही अडचण सोडवल्याचा भास निर्माण केला. १९८८ मध्ये ‘फिनाले’, १९९३ मध्ये ‘सिबेलियस’ आणि २०१६ मध्ये ‘डोरिको’ आलं. लिहिलेली ओळ लगेच वाजून दाखवणारी ही सॉफ्टवेअर संगीतकारांच्या हाताशी आली, आणि त्यांचा उपयोग मोठाच आहे. पण त्यांच्या आवाजावर विसंबून लिहिणारा हमखास फसतो. बासरीचे सर्वांत खालचे सूर मऊ आणि दबके असतात. वर तीन ट्रॉम्बोन आणि चार हॉर्न असले तर ते सभागृहात कुणालाही ऐकू येत नाहीत. संगणकावर मात्र आवाजाचा दांडा थोडा वर सरकवला की बासरी पितळी वाद्यांच्या डोक्यावर बसते. लिहिणाऱ्याला वाटतं, जमलं. तालमीत बासरीवादक प्रामाणिकपणे फुंकत असतो आणि संगीतकार आपलीच मुख्य सुरावट शोधत राहतो.

वाजवून बघण्याची ही सोय संघटितपणे करण्याचा एक जुना प्रयत्न ब्रिटनमधला. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, फ्रान्सिस शाग्रॅं या संगीतकाराने नव्या संगीताच्या प्रसारासाठी एक संस्था काढली. ‘एसपीएनएम’ या आद्याक्षरांनीच ती ओळखली जाई. नवोदितांनी पाठवलेले स्कोअर वाचायचे, त्यातले निवडायचे आणि वाजवण्याची व्यवस्था करायची, हे तिचं काम. पंजाबात जन्मलेले नरेश सोहल १९६२ मध्ये लंडनला गेले आणि तिथे संगीतप्रकाशकांकडे नक्कलनवीस म्हणून काम करत लिहीत राहिले. दिवसाच्या आठ प्रहरांवर बेतलेली त्यांची ‘अष्टप्रहर’ ही रचना या संस्थेच्या निवडीत आली आणि १९७० मध्ये लंडन फिलहार्मोनिकने वाजवली. पुढे १९८२ च्या बीबीसी प्रॉम्समध्ये त्यांची ‘द वाँडरर’ सादर झाली. कुणाची ओळख नाही, घराणं नाही, अशा माणसाचा कागद कुणीतरी उघडून वाचला, एवढ्यावर एक कारकीर्द उभी राहिली.

आजच्या योजनांपैकी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची पानुफ्निक योजना सर्वांत नावाजलेली म्हणता येईल. २००५ मध्ये ती एका बँकेच्या पाठबळावर सुरू झाली. पुढे हॅमलिन कुटुंबाच्या न्यासाने भार उचलला. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते आंद्रेई पानुफ्निक हे पोलंडचे संगीतकार. कम्युनिस्ट राजवटीच्या जाचाला कंटाळून १९५४ मध्ये ते देश सोडून ब्रिटनला आले आणि मायदेशी त्यांच्या संगीतावर कित्येक वर्षं बंदी होती. स्वतःचं संगीत ऐकू न येण्याचं दुःख काय असतं, हे ज्याने भोगलं त्याच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नी लेडी कॅमिला यांनी ही योजना आकाराला आणायला मदत केली, ही योग्यच गोष्ट झाली. दरवर्षी सहा संगीतकार निवडले जातात. प्रत्येकाने पूर्ण वाद्यवृंदासाठी सुमारे तीन मिनिटांची रचना लिहायची. मार्गदर्शनाची धुरा कॉलिन मॅथ्यूज यांच्याकडे आणि त्यांच्या जोडीला क्रिस्तियन मेसन, जे स्वतः एकेकाळी याच योजनेतून गेले. वर्षाच्या शेवटी सेंट ल्यूक्समध्ये खुली तालीम होते. अठराव्या शतकातलं हे चर्च छप्पर काढून टाकल्यावर कित्येक वर्षं उघडं पडलं होतं. २००३ पासून ते या वाद्यवृंदाचं तालीमघर आणि शिक्षणकेंद्र आहे.

अशा तालमीच्या दिवशी काय घडतं, ते जवळून बघण्यासारखं असतं. एका रचनेच्या वाट्याला येणारा वेळ मिनिटांत मोजलेला. वादकांनी पार्ट, म्हणजे आपापल्या वाद्यापुरते उतरवलेले कागद, आधी चाळलेले असतात, पण एकत्र आज पहिल्यांदाच वाजवणार. व्हायोलिनवाले एका स्टँडवर दोघे बसतात आणि पान उलटायचं काम आतल्या बाजूच्या वादकाचं. संगीतकाराने पानाच्या शेवटी विश्रांतीच्या मात्रा ठेवल्या नसतील तर ऐन भरात अर्धे व्हायोलिन गप्प होतात. ट्रम्पेटवाल्याला वाद्याच्या तोंडावर म्यूट बसवायला दोन-तीन सेकंद लागतात आणि ते कागदावर दिलेले नसतात. हार्पला सात पेडल, प्रत्येकाच्या तीन जागा. भराभर कोमल-तीव्र सूर बदलणारी ओळ लिहिली तर वादकाचे हात मोकळे आणि पाय अडकलेले. तालवाद्यं वाजवणारी बाई झायलोफोनपासून मोठ्या घंटेपर्यंत चार पावलं चालणार कधी, याचा विचार स्कोअरमध्ये झालेला नसतो. एखाद्या पार्टमध्ये सूर चुकीचा छापला गेला असेल तर तो शोधण्यात पाच मिनिटं जातात, म्हणजे ऐंशी माणसांची पाच-पाच मिनिटं.

म्हणून चांगल्या योजनांमध्ये नामवंत मार्गदर्शकाइतकाच वाद्यवृंदाचा ग्रंथपाल महत्त्वाचा असतो. पार्ट कोणत्या आकाराच्या कागदावर छापायचे, रेघांची उंची किती ठेवायची, तालमीचे खुणाक्रमांक कुठे घालायचे, लांब विश्रांतीनंतर शेजारच्या वाद्याची ओळ बारीक अक्षरात कशी द्यायची, यासाठी वाद्यवृंद-ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नियमावलीच काढली आहे. मार्गदर्शक सौंदर्यदृष्टीबद्दल बोलतो. ग्रंथपाल पार्ट परत पाठवतो. दुसऱ्याने शिकवलेलं जन्मभर टिकतं. त्याचप्रमाणे योजनेतल्या संगीतकाराला एखाद्या व्हायोलावादकाबरोबर तासभर नुसतं बसू दिलं, ही ओळ कोणत्या तारेवर बरी वाटेल असं विचारू दिलं, तर त्या तासाचं मोल व्याख्यानांच्या आठवड्याला येणार नाही. मँचेस्टरच्या ‘सॅफा’ या समूहाने हे ओळखून ‘कम्पोझिंग फॉर’ नावाची योजना चालवली. एक संगीतकार, एकच वादक, काही महिने एकत्र काम आणि शेवटी रचनेचं चित्रीकरण. छोट्या आकाराची, पण फार शहाणी कल्पना होती ती.

अमेरिकेत हे काम जास्त पसरट आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन कम्पोझर्स ऑर्केस्ट्रा केवळ अमेरिकी संगीतकारांसाठीच आहे. १९९१ पासून ती नवोदितांच्या रचना वाजवून बघण्याची ‘वाचनसत्रं’ घेते. अंडरवूड कुटुंबाच्या देणगीतून चालणाऱ्या या सत्रांतून निवडलेल्या एकाला नवी रचना लिहिण्यासाठी १५,००० डॉलर मानधन मिळत असे. जेनिफर हिग्डन, ऑगस्टा रीड टॉमस, क्रिस्टोफर थिओफॅनिडिस ही आज घरोघरी नसली तरी वाद्यवृंदांच्या कार्यक्रमपत्रिकांत नेहमी दिसणारी नावं या सत्रांशी जोडलेली आहेत. २००८ पासून ‘इअरशॉट’ या जाळ्यातून हीच पद्धत देशभरच्या वाद्यवृंदांकडे नेण्यात आली. जॅझमधून आलेल्यांसाठी स्वतंत्र सत्रं निघाली, कारण जॅझ वाजवणाऱ्याला स्वरमेळाची जाण दांडगी असते पण चाळीस तंतुवाद्यांसाठी लिहायची वेळ कधी आलेली नसते.

कर्निसचं मिनेसोटातलं शिबिर या सगळ्यांत अधिक भरगच्च होतं. आठवडाभर संगीतकार तिथेच राहत. वादकांबरोबर बैठका होत, प्रताधिकार, करारमदार, प्रकाशन यांवर सत्रं होत, रंगमंचावर उभं राहून चार वाक्यांत आपल्या रचनेबद्दल बोलायचा सरावसुद्धा करून घेतला जाई. शेवटी ऑस्मो व्हॅन्स्का यांच्या संचालनाखाली रीतसर तिकीट लावून ‘फ्यूचर क्लासिक्स’ नावाचा जाहीर कार्यक्रम होई. म्हणजे नवोदितांचं संगीत बंद दाराआड वाचून परत पाठवलं जात नव्हतं. ते शहराच्या श्रोत्यांपुढे जात होतं.

इतकं चांगलं चाललेलं काम किती नाजूक पायावर उभं असतं, तेही मिनेसोटानेच दाखवलं. १ ऑक्टोबर २०१२ रोजी व्यवस्थापनाने पगाराच्या वादातून वादकांना टाळेबंदी लावली. ती पुढे पंधरा महिने चालली. शिबिर रद्द झालं. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅन्स्का यांनी राजीनामा दिला, पाठोपाठ कर्निस यांनीही. समेट झाल्यावर केव्हिन पुट्स यांच्याकडे सूत्रं देऊन शिबिर पुन्हा सुरू करावं लागलं. ब्रिटनमध्ये २०२२ च्या नोव्हेंबरात कला परिषदेने अनुदानाची नवी यादी जाहीर केली, त्यात ‘सॅफा’चं नाव नव्हतं. पुढच्याच वर्षी समूह बंद झाला आणि ती एक-वादक-एक-संगीतकार योजनाही त्याच्याबरोबर गेली. तरुणांच्या योजना अंदाजपत्रकात नेहमी शेवटच्या ओळीत असतात आणि कात्री लागते तेव्हा पहिल्यांदा जातात. त्यांच्यासाठी वेगळा, हात न लावता येणारा निधी ठेवणं हाच त्यावर उपाय दिसतो. पानुफ्निक योजना आश्रयदाते बदलूनही टिकली, ती तिच्यामागे एखाद्या न्यासाने ठाम उभं राहायचं ठरवलं म्हणून.

आता फळाकडे पाहावं. एलिझाबेथ ओगोनेक पानुफ्निक योजनेतून गेल्या. लंडन सिम्फनीने त्यांच्याकडून नंतर मोठी रचना मागवली आणि २०१५ मध्ये शिकागो सिम्फनीने त्यांना निवासी संगीतकार म्हणून घेतलं. डॅनिएल किडेन हेही याच योजनेतले. २०१९ मध्ये प्रॉम्सच्या अखेरच्या रात्रीची सुरुवात त्यांच्या ‘वोक’ या रचनेने झाली. जेसन यार्ड हे जॅझ सॅक्सोफोनवादक, अयाना विटर-जॉन्सन या गाता गाता चेलो वाजवणाऱ्या. अशी एरवी सिम्फनीच्या दारात न दिसणारी माणसंही आत आली. वाद्यवृंदाच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रण संस्थेने ‘पानुफ्निक लेगसीज’ या नावाने त्यांच्या रचना प्रसिद्ध केल्या. ही नावं खरी आहेत आणि हे यशही खरं आहे.

पण या यशाची एक मर्यादा आहे, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच. तीन मिनिटांत संगीतकार आपली रंगसंगती दाखवू शकतो. विचार उभा करू शकत नाही. सिम्फनी ऑर्केस्ट्राचं सामर्थ्य काळाच्या लांबीत आहे. एखादी कल्पना सुचणं, तिचा विस्तार, तिचा विपर्यास आणि परत येणं याला पंधरा, वीस, चाळीस मिनिटं लागतात. दरवर्षी नवे सहा घ्यायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटंच येणार, हे गणित समजण्यासारखं आहे. मात्र त्यातून एक ठरावीक घाट पक्का होतो. चमकदार सुरुवात, भरपूर तालवाद्यं, जोरकस शेवट. परीक्षकांचं लक्ष वेधेल असं काहीतरी. एका योजनेतून दुसऱ्या योजनेत जाणारे, प्रत्येक ठिकाणी तीन-पाच मिनिटांचं काहीतरी लिहिणारे आणि पस्तिशीपर्यंत ‘नवोदित’च राहिलेले संगीतकार आज कमी नाहीत. त्यांच्या परिचयपत्रात दहा वाद्यवृंदांची नावं असतात आणि एकाही वाद्यवृंदाला ते नीट माहीत नसतात.

याच्या उलट उदाहरणं आहेत आणि ती बोलकी आहेत. १९८२ मध्ये ‘मीट द कम्पोझर’ या संस्थेने एक्सॉन कंपनी, रॉकफेलर फाउंडेशन आणि सरकारी कलानिधी यांच्या पैशावर अमेरिकेत निवासी संगीतकारांची योजना आखली. संगीतकाराने दोन-तीन वर्षं एका वाद्यवृंदाबरोबर राहायचं, इतरांच्या नव्या रचना निवडायला मदत करायची आणि स्वतः एक मोठी रचना लिहायची. दहा वर्षांत एकवीस वाद्यवृंदांत तेहतीस संगीतकार राहून गेले. सॅन फ्रान्सिस्कोला जॉन ॲडम्स होते. मधल्या काळात त्यांचं लेखन अडलं होतं. मग खाडीतलं एक अजस्र तेलवाहू जहाज पाण्यातून सरळ वर उचललं जाताना त्यांना स्वप्नात दिसलं, आणि त्या स्वप्नातून ‘हार्मोनीलेरे’चा आरंभ झाला. सुमारे चाळीस मिनिटांची ही रचना मार्च १९८५ मध्ये वाजली आणि आजही जगभर वाजते. ओळखीचा संचालक, ओळखीचे वादक आणि लगेच निकाल न मागणारी संस्था पाठीशी असताना ती लिहिली गेली, हे विसरून चालणार नाही. शिकागोत जॉन कॉरिल्यानो यांनी एड्सने गमावलेल्या मित्रांसाठी पहिली सिम्फनी लिहिली, तीही याच योजनेतून.

ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमला १९८९ ते १९९३ या काळात मार्क-अँथनी टर्नेज सायमन रॅटल यांच्या वाद्यवृंदाशी जोडलेले होते. लिहिलेले खर्डे वाजवून बघायचे, ऐकून बदलायचे, परत वाजवायचे, अशी मुभा त्यांना होती. फ्रान्सिस बेकनच्या चित्रांवरून सुचलेली ‘थ्री स्क्रीमिंग पोप्स’ त्याच काळातली. नवख्याला खर्डा वाजवून बघू देणं, चुकलं तर पुन्हा येऊ देणं ही खरी उमेदवारी. एका दुपारच्या वाचनसत्रात ती होत नाही.

जोन टॉवर यांची वाटचाल तर प्रत्येक योजनेच्या चालकांनी अभ्यासावी अशी. त्या पियानोवादक, स्वतःच्या छोट्या समूहासाठी लिहिणाऱ्या. पूर्ण वाद्यवृंदासाठीची पहिली रचना ‘सिकोया’ त्यांनी अमेरिकन कम्पोझर्स ऑर्केस्ट्रासाठी १९८१ मध्ये लिहिली, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. सेंट लुईसचे संचालक लेनर्ड स्लॅटकिन यांनी ती रचना स्वतः हाती घेऊन पुन्हा वाजवली. नंतर टॉवर यांना आपल्या वाद्यवृंदात निवासी संगीतकार म्हणून बोलावलं. तिथे लिहिलेल्या ‘सिल्व्हर लॅडर्स’ला १९९० मध्ये ग्रॉमेयर पुरस्कार मिळाला, तोवर तो कुठल्याच स्त्रीला मिळाला नव्हता. यात दोन गोष्टी दिसतात. तिशीच्या आतलेच अर्ज घेणाऱ्या योजनेने टॉवर यांना दारातूनच परत पाठवलं असतं. आणि पहिल्या प्रयोगानंतर दुसरा प्रयोग कुणीतरी केला, म्हणून पुढचं सगळं घडलं.

दुसरा प्रयोग हेच या क्षेत्राचं जुनं दुखणं. ‘जागतिक प्रथम सादरीकरण’ असं छापता येतं म्हणून पहिल्या प्रयोगाला पैसे मिळतात. दुसऱ्याला बातमीमूल्य नसतं, मग रचना कपाटात जाते. यावर इलाज शोधणं आता कुठे सुरू झालं आहे. ब्रिटनच्या पीआरएस फाउंडेशनने २०१६ मध्ये ‘रेझोनेट’ योजना काढली. मागच्या पंचवीस वर्षांतल्या चांगल्या ब्रिटिश रचना पुन्हा वाजवणाऱ्या वाद्यवृंदांना ती पैसे देते. अमेरिकेत टूलमिन फाउंडेशनच्या मदतीने वाद्यवृंदांच्या संघटनेने सहा स्त्री-संगीतकारांच्या रचना तीस वाद्यवृंदांत वाटल्या. एकेक रचना पाच-पाच शहरांत वाजणार, असं आधीच ठरलेलं. मानधन तेवढंच, खर्च थोडा जास्त, पण रचनेचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढलेलं. नवोदितांच्या प्रत्येक योजनेने निवडीच्या वेळीच दुसऱ्या वाद्यवृंदाचं नाव लिहून घ्यावं, इतकी साधी ही सुधारणा आहे.

आत कुणाला घ्यायचं, हा प्रश्न अगदी लहान वयापाशी नेऊन ठेवला तो जॉन डीक यांनी. न्यू यॉर्क फिलहार्मोनिकमधले हे डबल बेसवादक, स्वतः संगीतकार. त्यांनी १९९५ च्या सुमारास ‘व्हेरी यंग कम्पोझर्स’ सुरू केलं. शाळकरी मुलांनी रचना करायची. स्वरलेखन येत नसेल तरी चालेल. मूल गुणगुणतं, वाजवून दाखवतं, कागदावर रेघोट्या काढतं आणि शिक्षक ते लिहून घेतात, स्वतःची भर न घालता. मग फिलहार्मोनिकचे वादक ते वाजवतात. दहा वर्षांच्या मुलीला आपली ओळ फ्रेंच हॉर्नवर ऐकू येते. हा कार्यक्रम पुढे बऱ्याच देशांत गेला. संगीत लिहिणं हे शिकवणी परवडणाऱ्या घरांतल्या मुलांपुरतं राहू नये, यासाठी इतकं थेट पाऊल दुसऱ्या कुणी उचललेलं नाही. मोठ्यांच्या पातळीवर न्यू यॉर्क फिलहार्मोनिकने ‘प्रोजेक्ट १९’मधून एकोणीस स्त्रियांकडून रचना मागवल्या. त्यातल्या तानिया लेओन यांच्या ‘स्ट्राइड’ला २०२१ चं पुलित्झर मिळालं. लेओन तेव्हा सत्तरीच्या उत्तरार्धात होत्या.

या सगळ्यात मुंबई आणि गोवा कुठे बसतात? नातं आहे, आणि ते जुनं आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायकवृंदाच्या मास्तरांचे चिरंजीव. मुंबईत येऊन ते सिनेसंगीतातले नामांकित व्हायोलिनवादक आणि अरेंजर झाले. प्यारेलाल त्यांचे शिष्य आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे गुरूचं नाव देशभर पोचलं. पण त्यांचं मोठं धाडस लोकांना फारसं माहीत नाही. रागसंगीतावर आधारलेल्या स्वतःच्या रचना वाजवायला वाद्यवृंद नाही म्हणून १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ स्वतःच उभा केला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात कार्यक्रम केले, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यात गायला लावलं. हे एकट्याच्या खिशावर चालणारं नव्हतं. साठच्या दशकात ते अमेरिकेला निघून गेले. त्यांच्यामागे एखादा न्यास असता तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

दुसरीकडे, मुंबईच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंनी नकळत एक उमेदवारीची व्यवस्था पुरवली होती. सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोमंतकीय अरेंजर गाण्याच्या मधल्या जागा लिहीत, हाताने उतरवलेले पार्ट वादकांत वाटले जात आणि ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा महालक्ष्मीच्या फेमसमध्ये ते त्याच दिवशी वाजत. काल लिहिलेलं आज पन्नास वादकांकडून ऐकायचं, पडलं तर उद्या सुधारायचं. लंडनच्या संगीतकाराला वर्षातून एकदा मिळणारी संधी या माणसांना आठवड्यातून अनेकदा मिळत होती. त्यांचं तंतुवाद्यांचं लेखन इतकं पक्कं कसं, याचं उत्तर यात आहे. ऑकलंड विद्यापीठाचे ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन लिहिलेलं पुस्तक वाचताना हे पानोपानी जाणवतं. सिंथेसायझर आणि तुकड्यातुकड्यांत ध्वनिमुद्रण आलं आणि ती शाळा मिटली.

त्यानंतर ज्यांच्यापाशी साधनं होती त्यांनी परदेशी वाद्यवृंद गाठले. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला आणि २०१६ मध्ये मराठी गावाकडच्या गोष्टीमागे तो आवाज महाराष्ट्रभर घुमला. इळैयराजा यांची ‘व्हॅलियंट’ ही सिम्फनी ८ मार्च २०२५ रोजी लंडनला रॉयल फिलहार्मोनिकने वाजवली. मुंबईत २००६ पासून एनसीपीएची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी ती उभी केली. तिने झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंदासाठी ‘पेशकार’ लिहून घेतलं. २०१५ मध्ये त्याचा पहिला प्रयोग मुंबईत झाला आणि नंतर ते युरोपातही वाजलं. ही सारी कामं मोठ्या, स्थिरावलेल्या कलावंतांची. सांगलीत किंवा मडगावात बसून लॅपटॉपवर मारव्याच्या सुरांची चौकडी बांधणाऱ्या पंचविशीतल्या मुलामुलींना या वाटा उघड्या नसतात.

त्यांच्यासाठी काही करायचं झालं तर परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलून भागणार नाही. रीना इस्माईल या भारतीय वंशाच्या अमेरिकन संगीतकाराने कला रामनाथ यांच्या हिंदुस्थानी व्हायोलिनसाठी कॉन्चेर्टो लिहिला, तो २०२२ मध्ये सिएटल सिम्फनीने वाजवला. अशा रचनेत वाद्यवृंदाचे पार्ट काटेकोर लिहिलेले हवेत आणि एकल वादकाला राग खुलवायला मोकळी जागा हवी. मींड पाच रेघांवर किती लिहायची आणि किती सोडायची, आलापाच्या वेळी संचालकाने हात कशावर धरायचा, हे ठरवताना मार्गदर्शकाला दोन्हीकडचं कळायला हवं. असे मार्गदर्शक मुंबईत सापडतील. सिनेसंगीताच्या त्या मोठ्या सत्रांत वाजवलेले, लिहिलेले काही म्युझिशियन अजून आहेत. खर्डा बघून, ही ओळ तिसऱ्या तारेवर घे, इथे श्वासाला जागा ठेव, हे ते एका नजरेत सांगू शकतात.

सुरुवातीला ऐंशी वादकही नकोत. वीस तंतुवाद्यं, एक बासरी, एक क्लॅरिनेट, दर महिन्याला तीन तास, चार संगीतकार आणि पार्ट तपासून परत पाठवणारा एक खडूस ग्रंथपाल पुरे. तेच चौघे दोन वर्षं ठेवावेत. पहिल्या सहा महिन्यांत जाहीर कार्यक्रम ठेवूच नये, नुसते खर्डे वाजवावेत. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने पंधरा मिनिटांची एक रचना लिहावी, आणि ती मुंबईत वाजण्याआधीच पणजी, पुणे आणि कोल्हापूरच्या तारखा ठरलेल्या असाव्यात.